रंग वाळतो तेवढ्यात: चित्रं काढणं आणि विकणं एकत्र कसं जमवावं

चित्र काढणाऱ्याचा दिवस नेमका कुठे जातो हे कळायला एक आठवडा पुरतो. वहीत दोन रकाने आखा. ब्रश हातात असलेला वेळ पहिल्यात, बाकी सगळं दुसऱ्यात: फोटो काढणं, मेसेजला उत्तरं, फ्रेमवाल्याकडे खेपा, कुरिअरची रांग, "किंमत काय?" एवढंच विचारून गायब होणाऱ्यांशी झालेलं बोलणं. दुसरा रकाना फुगलेला दिसेल, पण खरा त्रास त्याच्या आकाराचा नाही. तो पाच-पाच, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो आणि प्रत्येक तुकडा पहिल्या रकान्यातून चोरलेला असतो. जलरंगात आभाळाचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ रंगाचा थर, ओला असताना फोन घेतला, तीन मिनिटांनी परत आलात, की कड वाळून पट्टा पडलेला असतो. मग कितीही पाणी फिरवा, तो पट्टा दिसायचा तो दिसतोच.

म्हणून एक नियम पाळायचा: विक्रीचं काम चित्राच्या आधी किंवा नंतर करायचं, चित्रात शिरलेलं असताना करायचं नाही. रंग वाळायला जो वेळ लागतो तो मात्र हक्काचा. त्यातही फरक आहे. जलरंगाचा थर वाळायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात हाताची कामं करा: माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) कापणं, चित्राच्या पाठीवर लेबल चिकटवणं, पुठ्ठे बेतणं. तोंडाची कामं त्या वीस मिनिटांत घेऊ नका. गिऱ्हाइकाशी बोलून आलेलं डोकं लगेच रंगात परत जात नाही. तैलरंगाचा थर वाळायला दिवस लागतात, तिथे अख्खी दुपार विक्रीला देता येते.

आठवडा कसा लावायचा

पूर्णवेळ काम करणाऱ्याला चालणारी मांडणी अशी: सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १२.३० फक्त चित्र, फोन दुसऱ्या खोलीत. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी ३ ते ६ विक्री, म्हणजे मेसेज, फोन, कोटेशन, फोटो, बिलं. शनिवारी सकाळी पॅकिंग, फ्रेमवाला, कुरिअर. साडेबावीस तास चित्राला, नऊ-दहा तास बाकीच्याला. शाळेत चित्रकला शिकवून किंवा नोकरी सांभाळून काम करणाऱ्याला आठवड्याला दहाच तास मिळत असतील, तर सात चित्राला, दोन विक्रीला, एक सामानाला. अशांनी आठवड्याला तीन वेळा अडीच-अडीच तास बसण्यापेक्षा रविवारी सकाळी पाच तास सलग बसावं. कागद ताणून, रंग काढून, डोळा स्थिर होईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातोच, तो तीनदा कशाला घालवायचा?

दुपारपर्यंत उत्तर दिलं नाही तर गिऱ्हाईक जातं, ही भीती बहुतेक फुकाची आहे. चित्र घेणारा माणूस दोन दिवस थांबतो. ज्याला दहा मिनिटांत उत्तर हवं असतं त्याला सहसा किंमत ऐकून "बघतो" म्हणायचं असतं. व्हॉट्सॲप बिझनेसवर आपोआप जाणारा मेसेज लावून ठेवा:

"नमस्कार. सकाळी स्टुडिओत काम चालू असतं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ३ नंतर उत्तर देते. सध्या उपलब्ध असलेली चित्रं, मापं आणि किमती कॅटलॉगमध्ये आहेत."

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत जास्त वेळ वाचवतं. इन्स्टाग्रामवर "किंमतीसाठी मेसेज करा" लिहिणं म्हणजे स्वतःच्याच दारात रांग लावून घेणं आहे. किंमत उघड लिहिली की पन्नासातले चाळीस मेसेज येतच नाहीत, आणि न आलेल्यांत विकत घेणारे फारसे नसतात.

अर्धवट चित्र लोकांना दाखवू नका. प्रक्रियेचे व्हिडिओ चालतात हे खरं, पण ते काढून ठेवा आणि चित्र पूर्ण झाल्यावर टाका. अर्ध्या चित्रावर शंभर बदाम आले की हात तिथेच थांबतो, आणि "उजवीकडे एक झाड हवं होतं" असं कुणी लिहिलं की ते झाड डोक्यातून जात नाही.

वर्ष कसं लावायचं

मुंबई-पुण्याच्या चित्रकाराचं वर्ष पावसाळ्यावर बेतलेलं असतं. जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक कमी, प्रदर्शनं थंड, माल हलवणं अवघड. हे चार महिने चित्रं काढण्याचे. ऑक्टोबरात फोटो, माउंट, फ्रेम. दिवाळीच्या भेटवस्तूंच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर दसऱ्याला दार बंद. दसऱ्यानंतर घेतलेली ऑर्डर फ्रेमवाल्याच्या गर्दीत अडकते आणि दोष आपल्याला लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विक्रीचा हंगाम. काळा घोडा कला महोत्सव याच काळात येतो, अमेरिका-युरोपातले मराठी लोक डिसेंबर-जानेवारीत घरी येतात. त्यांच्यासाठी १२×१६ इंचांची, बिनफ्रेमची, पाठीला बोर्ड लावलेली दहा-बारा चित्रं तयार ठेवा. चांगलं चित्र आवडूनही ते सामानात मावत नाही म्हणून राहून जातं, असं फार होतं. मार्चमध्ये हिशेब. एप्रिल-मे लग्नसराईच्या भेटी आणि बाहेर जाऊन काम. उन्हाळ्यात देशावर जलरंगाचा वॉश बघता बघता वाळतो, तेव्हा वाईच्या घाटावर किंवा गोदाकाठी बसायचं तर पहाटे बसा आणि साडेनऊला सामान आवरा.

पावसाळ्याची एक अडचण आहे. कोकणात आणि मुंबईत जुलैत हवा इतकी ओली असते की तैलरंग दुप्पट वेळ घेतो आणि कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. तयार कागद बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, बटर पेपर मधे घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या. निळ्याचं गुलाबी झालं की ते भरलं. तव्यावर मंद आचेवर गरम केलं की पुन्हा निळं होतं, मात्र तो तवा नंतर स्वयंपाकाला वापरायचा नाही.

तैलरंगवाल्यांनी वर्ष उलटं मोजावं. जानेवारीत टांगायचं चित्र दिवाळीपर्यंत हातावेगळं व्हायला हवं. अंबर या तपकिरी रंगात मँगॅनीज असतं म्हणून तो दोन-तीन दिवसांत वाळतो, लाल अलिझरीन किंवा काळा आयव्हरी ब्लॅक आठवडाभर ओला राहू शकतो. तारीख जवळ आली म्हणून ओल्या जाड थरावर टर्पेंटाइन घालून पातळ केलेला थर चढवला, की वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात चित्राला भेगा पडतात. शेवटच्या व्हार्निशला साधारण सहा महिने थांबावं लागतं. तोवर रीटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या व्हार्निशचा, पातळ हात द्या आणि "पुढच्या वर्षी व्हार्निश करून देईन" असं बिलावरच लिहा. त्या निमित्ताने गिऱ्हाइकाची पुन्हा भेट होते हा वरचा फायदा.

किंमत

दर चित्रामागे किंमत नव्याने ठरवत बसणारा माणूस चित्र काढताना किंमतच बघत बसतो. सूत्र एकदा ठरवा आणि वर्षभर हात लावू नका.

दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिली चौरस इंचाची: लांबी गुणिले रुंदी गुणिले दर. दुसरी धावत्या इंचाची: लांबी अधिक रुंदी, गुणिले दर. समजा चौरस इंचाला २० रुपये आणि धावत्या इंचाला १५०. ८×१० इंचांचं चित्र पहिल्या पद्धतीने १,६०० रुपयांना, दुसरीने २,७००. हाफ इम्पीरियल, म्हणजे १५×२२ इंचांचा कागद, पहिलीने ६,६००, दुसरीने ५,५५०. आणि ३०×४० पहिलीने २४,०००, दुसरीने १०,५००. चौरस इंचात छोटं चित्र मातीमोल होतं आणि मोठं एकदम आवाक्याबाहेर जातं. छोट्या चित्राला मोठ्याच्या पंधरावा हिस्सा श्रम लागतात असं कुठे असतं? कागदावर काम करणाऱ्यांनी धावता इंच धरावा. कॅनव्हाससाठीही धावता इंचच, पण दर वेगळा आणि चढा. फ्रेम आणि माउंट नेहमी वेगळे मोजा, गुणाकारात घालू नका.

दर बरोबर आहे का हे तासांवर तपासा, आणि फसलेली चित्रंही मोजा. दहा हाफ इम्पीरियल सुरू केली, सात जमली. दहांना प्रत्येकी सहा, असे साठ तास. सात विकायला प्रत्येकी तीन तास, म्हणजे एकवीस. एकूण ८१. सात गुणिले ५,५५० म्हणजे ३८,८५०. कागद, रंग मिळून ५,००० वजा करा, उरले ३३,८५०. तासाला साधारण ४१८ रुपये. हीच सात चित्रं गॅलरीतून गेली आणि गॅलरीने ४० टक्के घेतले, तर हातात २३,३१०, खर्च जाऊन १८,३१०, तासाला २२६. परवडत नसेल तर दर आत्ताच चुकलेला आहे, गॅलरी मिळाल्यावर नाही.

गॅलरीत एक किंमत आणि घरून घेतलं तर कमी, असं करू नका. सहसा गॅलऱ्या ३० ते ५० टक्के घेतात, ते त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी आणि जागेसाठी. त्यांनी दाखवलेलं चित्र तुम्ही मागच्या दाराने स्वस्तात दिलंत, की ते कळतं. हे क्षेत्र फार लहान आहे. घासाघीस होणारच, ती नाकारून भांडू नका. सवलतीची मर्यादा आधी ठरवा: दोन चित्रं घेतली तर १० टक्के, जुन्या गिऱ्हाइकाला १० टक्के, याहून नाही. "शेवटचं काय होईल?" याला उत्तर: "किंमत हीच आहे, फ्रेम माझ्याकडून." फ्रेमचा खर्च ठरलेला असतो, त्यामुळे नुकसान किती हे तरी कळतं. किंमत वाढवायची ती वर्षातून एकदा, १० टक्क्यांच्या आसपास, आणि एकदा वाढवली की उतरवायची नाही. आधी घेतलेल्यांना ते लागतं.

ऑर्डरचं काम

चित्रकाराचा सर्वांत जास्त वेळ आणि झोप खाणारी गोष्ट हीच. ऑर्डरी वाईट नसतात, पण त्या मोकळ्या कामात सांडतात. महिन्यात ऑर्डरीचे आठवडे ठरवून ठेवा, समजा दुसरा आणि चौथा. बाकी दोन आठवडे स्वतःचं काम. रांग भरली की "आता घेतली तर फेब्रुवारीत मिळेल" असं सांगा. असं ऐकून थांबणारं गिऱ्हाईकच पैसे वेळेवर देतं.

पायऱ्या या क्रमाने, एकही गाळू नका:

१. माप, माध्यम, विषय, फ्रेमसह की बिनफ्रेम, कुठे टांगणार, तारीख, किंमत, सगळं एका मेसेजमध्ये लिहा आणि "मान्य" असं लेखी उत्तर घ्या. भिंतीचा फोटो मागवा. त्यात खुर्ची किंवा दार दिसू द्या म्हणजे प्रमाण कळतं.

२. ५० टक्के आगाऊ. आगाऊ रक्कम खात्यात आल्याशिवाय कॅनव्हास ताणायचा नाही, मग ते सख्खे मामा का असेनात. नातेवाइकांना सवलत द्यायची तर किमतीत द्या, आगाऊ रकमेत देऊ नका.

३. पेन्सिलची दोन छोटी कच्ची रेखाटनं आणि एक रंगाचं टिपण, तळहाताएवढं. बदल इथेच, दोन वेळा. रंग सुरू झाल्यावर मोठा बदल म्हणजे नवं चित्र, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असावं.

४. काम झाल्यावर दिवसाच्या उजेडातला फोटो पाठवा. बारीकसारीक दुरुस्ती एकदा.

५. उरलेले पैसे आल्यावर चित्र बाहेर जातं. "पोचलं की देतो" चालणार नाही.

व्यक्तिचित्रांची ऑर्डर घ्यायची तर फोटो आधी बघा. दिवंगत वडिलांचा पासपोर्ट फोटो मोठा करून पाठवलेला असतो आणि अपेक्षा असते ती त्यांच्या हसण्याची. दोन-तीन वेगवेगळे फोटो मागवा. नाही मिळाले तर नम्रपणे नाही म्हणा. सादृश्य जमलं नाही तर पैसे परत करून चित्रही जातं, आणि त्या घराचं मन दुखावतं ते वेगळंच.

हक्कांचं एक कलम सगळ्यांना माहीत हवं. आपल्या मनाने काढलेलं चित्र विकलं तरी त्याचे कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतात. घेणाऱ्याला मिळते ती वस्तू. ऑर्डरवर पैसे घेऊन काढलेल्या चित्राचं उलटं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर अशा चित्राचा पहिला कॉपीराइट मालक ते काढून घेणारा ठरतो. म्हणजे ऑर्डरच्या चित्राचे प्रिंट, कॅलेंडर किंवा कार्ड तुम्हाला काढायचं असेल, तर पहिल्याच मेसेजमध्ये एक ओळ घाला: "या चित्राचे कॉपीराइट चित्रकाराकडे राहतील." कंपनीची ऑर्डर असेल तर साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

खपणारे विषय

गणपती, विठ्ठल, वारी, बुद्ध, जुने वाडे, मेणवलीचा घाट. हे खपतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मुद्दा प्रमाणाचा आहे. वर्षात चाळीस चित्रं होत असतील तर बारा-तेरा खपणाऱ्या विषयांची, बाकी तुमची. एखादं चित्र विकलं गेलं आणि "असंच आणखी एक हवं" असं तिघांनी म्हटलं, तर तीच रचना पुन्हा काढू नका. वेगळी वेळ, वेगळा उजेड, वेगळं माप घ्या. तीच रचना चौथ्यांदा काढताना हात आपोआप चालतो, कडा कडक होतात आणि पहिल्या चित्रात असलेला ओलावा जातो. शिवाय पहिला घेणारा इन्स्टाग्रामवर आपलंच चित्र दुसऱ्याच्या भिंतीवर बघतो.

प्रतींची मागणी प्रिंटवर वळवा. पिगमेंट शाईने, आम्लरहित कॉटन कागदावर काढलेले प्रिंट, ठरावीक संख्येचे, उदाहरणार्थ ३०, प्रत्येकावर क्रमांक आणि पेन्सिलने सही. तीस संपले की संपले, एकतिसावा काढायचा नाही. मोठी प्रत हवी तर फाइल मोठी हवी: १२×१६ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० × ४८०० पिक्सेल. फोनवरून फॉरवर्ड झालेला फोटो यासाठी निरुपयोगी.

नोंद आणि फोटो

प्रत्येक चित्र पूर्ण झालं की त्याच दिवशी, फ्रेमच्या काचेआड जाण्यापूर्वी, फोटो. उत्तरेच्या खिडकीजवळ किंवा ढगाळ दिवशी गच्चीच्या सावलीत, चित्र भिंतीला सरळ, फोन चित्राच्या मध्याच्या उंचीवर. मुख्य लेन्सने जवळ जाऊन काढलेल्या फोटोत कडा फुगतात, म्हणून मागे सरकून दोनपट झूमवर काढा. चित्राशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. संगणकावर तो पांढरा केला की रंग जागेवर येतात. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो हिरवट येतो आणि मग "प्रत्यक्षात वेगळं दिसतं" म्हणून चित्र परत येतं.

नोंदवहीत क्रमांक हवा, नाव पुरत नाही. "संध्याकाळ" नावाची चार चित्रं तरी निघतात. २५-०१४ म्हणजे २०२५चं चौदावं. पुढे माध्यम, उंची × रुंदी, किंमत, आत्ता कुठे आहे, कुणी घेतलं. हाच क्रमांक पाठीवर पेन्सिलने लिहा. जलरंगाच्या पाठीवर बॉलपेन वापरलंत तर ते पुढे उमटतं. गॅलरीत ठेवायला दिलेल्या चित्रांची यादी दोन प्रतींत, सही घेऊन. दोन वर्षांनी कोणतं चित्र कुठे आहे हे कुणालाच आठवत नाही आणि त्यावरून वाकडं येतं.

प्रदर्शन

एकल प्रदर्शन हा खर्च आहे, कमाई असेलच असं नाही. काळ्या घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून चालू आहे, तिथे तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं. म्हणून अर्ज काम तयार व्हायच्या आधी करा. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन, वरळीला नेहरू सेंटर, आपापल्या शहरातली दालनं आहेतच. १८८८ पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनासारख्या ठिकाणी एक-दोन चित्रं पाठवून सुरुवात केली तर खर्च थोडा आणि नाव चारचौघांत जातं.

भिंत मोजा. समजा टांगायला ६० फूट, म्हणजे ७२० इंच आहेत. फ्रेमसह चित्राची रुंदी ३३ इंच, मधली मोकळी जागा १५, असे ४८ इंच धरले तर बरोबर १५ चित्रं बसतात. अठरा आणली तर तीन दाटीत टांगली जातात आणि पंधराही स्वस्त दिसू लागतात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर.

आता खर्च. समजा भाडं ४०,०००, पंधरा फ्रेम प्रत्येकी २,५०० म्हणजे ३७,५००, टेम्पो ५,०००, कार्डं-छपाई ४,०००, उद्घाटनाचा चहा-बिस्किटं ३,५००, राहणं-प्रवास १०,०००. झाले एक लाख. सरासरी चित्र १८,००० रुपयांचं आणि त्यातलं सामान २,०००, तर एका चित्रामागे १६,००० उरतात. सात चित्रं विकल्यावर कुठे बरोबरी. यात भाड्याखालोखाल जड बाजू फ्रेमची, आणि तिथेच बचत होते: दोनच ठरावीक मापांत काम करा. न विकलेल्या चित्राची फ्रेम पुढच्या प्रदर्शनात नव्या चित्राला बसते.

प्रदर्शनाचा आठवडा चित्रं काढण्यासाठी मेलेला धरा, शिवाय आधीचा एक आणि नंतरचा एक. तीन आठवडे कॅलेंडरमधून खोडून टाका, त्यात कोणाला तारीख देऊ नका. दालनात बसून स्केचबुक भरलं तर ठीक, पण लोक आले की उठा. चित्रांसमोर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला चित्रकार पाहिला की माणूस आल्या पावली वळतो.

अभिप्राय वहीत बहुतेक लोक "अप्रतिम! खूप खूप शुभेच्छा" लिहून जातात. वहीत मोबाइल क्रमांकाचा आणि "आवडलेलं चित्र" असा रकाना आखा. कोणी कोणत्या चित्रापुढे दोनदा आलं हे संध्याकाळी आठवून लिहून ठेवा. प्रदर्शन संपल्यावर दहा दिवसांच्या आत त्यांना तेच चित्र पाठवून एक मेसेज. बहुतेक प्रदर्शनांत विकलेल्या चित्रांवर लाल ठिपके जेवढे लागतात, त्यात या दहा दिवसांत आणखी एक-दोन लागू शकतात. महिना उलटला की ती भिंत दुसऱ्या कशाने तरी भरलेली असते.

पाठवणं

ॲक्रिलिकचं चित्र थेट बबल रॅपमध्ये गुंडाळणं ही सगळ्यांत महागडी चूक. ॲक्रिलिक वाळल्यावरही थोडं मऊ राहतं. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तापलं की बुडबुड्यांचे गोल ठसे रंगात उमटतात आणि काही वेळा रंग प्लास्टिकला चिकटून निघून येतो. आधी ग्लासाइन (गुळगुळीत, न चिकटणारा पातळ कागद) किंवा गुळगुळीत बटर पेपर, मग फोम, मग बबल रॅप, तेही बुडबुडे बाहेरच्या बाजूला. पॅक करण्याआधी जाड रंग किमान आठवडाभर उघडा ठेवा, पावसाळ्यात दोन.

कॅनव्हास गुंडाळायचा तर रंगाची बाजू बाहेर. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन सुरकुततो. नळी किमान सहा इंच व्यासाची. बारीक नळीत जाड रंगाला तडे जातात. फ्रेमसह पाठवायचं तर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट. काच असलीच तर तिच्यावर मास्किंग टेपच्या फुल्या मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर घासत नाहीत. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन, पेटीत सगळ्या बाजूंनी दोन इंच भरण, हलवल्यावर आवाज येता कामा नये.

कुरिअर वजन आणि आकार यांतलं जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतो, हे कोटेशन देताना विसरलं जातं. हवाई कुरिअरमध्ये साधारणपणे सेंटिमीटरमधली लांबी × रुंदी × उंची भागिले ५००० हे "वजन" धरतात. ६१×७६×१० सेंटिमीटरची पेटी तीन किलोची असली तरी नऊ किलोंहून जास्त भरते. तेच चित्र १५×१५×७६च्या नळीत साडेतीन किलोंच्या आत. परगावी बिनफ्रेमचं चित्र पाठवून फ्रेम तिकडेच करायला सांगणं दोघांच्या सोयीचं. माउंटचा रंग आणि पट्टीची रुंदी लिहून द्या, नाहीतर सोनेरी महिरपीतलं तुमचं चित्र फोटोत बघावं लागतं.

बिलं

प्रत्येक विक्रीला बिल, यूपीआयवर आलेल्या ५०० रुपयांच्या प्रिंटलाही. विक्रीसाठी वेगळं बँक खातं ठेवा, मार्चमध्ये सीएचे प्रश्न निम्मे होतात. हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. फक्त माल विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, पण तुम्ही क्लासेस किंवा कार्यशाळाही घेत असाल तर ती सेवा ठरते आणि मर्यादा २० लाखांवर येते. परराज्यात विक्री सुरू करण्यापूर्वी सीएशी बोलून घ्या, तिथले नियम आणि हस्तकलेच्या सवलती वेगळ्या आहेत.

उरलेली चित्रं

प्रदर्शनातून परत आलेली चित्रं सहा महिने तोंड भिंतीकडे करून ठेवा. रोज समोर दिसली की पुढच्या कामात त्यांची माफी मागत राहतो आपण. मार्चच्या हिशेबात ती एकेक उलटी करून बघा आणि तीन ढीग करा. पहिला, अजूनही बरी वाटणारी. त्यांची किंमत आहे तीच, पुढच्या हंगामात दुसऱ्या शहरात. दुसरा, एखादा कोपरा चांगला असलेली. जलरंग असेल तर तो कोपरा माउंटची खिडकी फिरवून शोधा, कापा आणि ८×१०च्या छोट्या फ्रेममध्ये घाला, नवा क्रमांक देऊन. तिसरा, फसलेली. यांवर सही असेल तर ती विकू नका, वाटू नका. तुमच्या नावावर पुढे तीच फिरतात. कॅनव्हासवर ॲक्रिलिक असेल तर घासकागद मारून वर जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या. तैलचित्रावर मात्र ॲक्रिलिक जेसो धरत नाही, काही काळाने पापुद्रे सुटतात, तेव्हा ते ताणपट्टीवरून उतरवून लाकूड वापरा. कॉटनचा ३०० जीएसएम कागद असेल तर बादलीत बुडवून मऊ स्पंजने रंग उतरवा आणि मागची बाजू ताणून घ्या. जूनमधल्या पहिल्या आठवड्याच्या सरावाला तो पुरतो.